डुलकी ओळखणारा कॅमेरा : तीन ट्रक आणि सात महिन्यांचा अनुभव

सोलापुरातून भिवंडी, हैदराबाद आणि चेन्नईकडे जाणारे माझे तीन दहा टायरी ट्रक आहेत आणि गेल्या नोव्हेंबरपासून या तिन्ही ट्रकांत चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा कॅमेरा बसवलेला आहे. ओळखीचे मालक आणि चालक हे यंत्र खरोखर उपयोगी पडते का, असे सतत विचारतात. एका वाक्यात उत्तर देणे मला जमत नाही, म्हणून सात महिन्यांचा अनुभव सविस्तर लिहीत आहे. यंत्र चांगले आहे. परंतु ते ज्या कामासाठी विकले जाते, त्यापेक्षा वेगळ्याच कामासाठी मला ते अधिक उपयोगी पडले.

यंत्र घेण्याचे कारण आधी सांगायला हवे. ऑक्टोबर महिन्यात माझ्याकडचे सर्वांत जुने चालक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, भिवंडीहून परतताना इंदापूरच्या अलीकडे पहाटे पावणेचारच्या सुमारास दुभाजकावर गेले. पुढचा अॅक्सल मोडला, माल पसरला, पण मामांना आणि क्लीनरला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पुढे-मागे एखादी दुचाकी किंवा उसाची ट्रॉली असती तर काय झाले असते, हा विचार मला आजही झोपू देत नाही. कागदोपत्री कारण लिहिले गेले ते ‘चालकाचा निष्काळजीपणा’. मामांनी मला एवढेच सांगितले की इंदापूरच्या आधीचा पूल ओलांडल्याचे त्यांना आठवते आणि त्यानंतरचे काहीच आठवत नाही. ज्या माणसाने वीस वर्षे एकही अपघात केला नाही, त्याला निष्काळजी म्हणणे मला पटले नाही. देशात २०२२ साली ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्या अहवालातील कारणांच्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे आणि मोबाइल यांना स्वतंत्र ओळी आहेत. झोपेला मात्र स्वतःची ओळ नाही, ती ‘इतर’ या रकान्यात जाते. ज्या गोष्टीची नोंदच होत नाही, तिचा बंदोबस्तही होत नाही.

मार्केट यार्डाच्या परिसरात ट्रकांचे सुटे सामान विकणाऱ्या एका दुकानातून मी तीन संच घेतले. बसवण्याच्या मजुरीसह एका संचाला साडेसोळा हजार रुपये पडले. दुसऱ्या वर्षापासून सिम कार्ड आणि नोंदी साठवण्याची सेवा यांसाठी दर गाडीमागे वर्षाला तीन हजार रुपये भरावे लागतील. याहून बरेच स्वस्त संचही मिळतात, पण त्यांत फक्त भोंगा वाजतो, मागाहून पाहता येईल अशी नोंद राहत नाही. पैसे वाचवण्यासाठी मी आधी तोच घेणार होतो. तो घेतला असता तर या लेखातील निम्म्याहून अधिक गोष्टी मला कधी कळल्याच नसत्या.

बसवणीत पहिल्याच गाडीला त्रास झाला. कारागिराने तार थेट बॅटरीवर जोडली, त्यामुळे गाडी उभी असतानाही यंत्र चालूच राहिले आणि आधीच जुनी झालेली बॅटरी आठवडाभरात बसली. दुकानदाराने विनातक्रार दुसरा कारागीर पाठवला आणि तार चावीच्या जोडणीवर घेतली, हे नमूद केले पाहिजे. ट्रकाची विद्युतयंत्रणा २४ व्होल्टची असते, मोटारीची १२ व्होल्टची, त्यामुळे मोटारींचे काम करणाऱ्याकडून हे यंत्र बसवून घेऊ नये.

यंत्र काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असून स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, मीटरच्या वरच्या कडेला चिकटते. त्यातून निघणारे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे केबिनमध्ये पूर्ण अंधार असतानाही कॅमेऱ्याला चालकाच्या पापण्या स्पष्ट दिसतात. बुबुळ पापणीखाली किती वेळ झाकलेले राहते, याचे प्रमाण ते सतत मोजत असते. डोळे साधारण दोन सेकंद मिटले की मोठा भोंगा वाजतो आणि दहा सेकंदांची चित्रफीत माझ्या फोनवर येते. जांभई, फोन कानाला लावणे, धूम्रपान आणि बराच वेळ मान वळवणे यांसाठी वेगळा, सौम्य आवाज आहे. रात्रीच्या वेळी यंत्राचे काम निर्दोष म्हणावे इतके चांगले आहे. सात महिन्यांत रात्री आलेली जवळपास प्रत्येक चित्रफीत मी पाहिली आणि त्यांतील बहुतेकांत डोळे खरोखरच मिटलेले होते.

तरीही दोन सेकंदांचा हिशेब प्रत्येक मालकाने एकदा स्वतः मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. म्हणजे भोंगा वाजेपर्यंत ती सुमारे ३३ मीटर कोणाच्याही ताब्यात नसताना गेलेली असते आणि भरलेल्या दहा टायरी गाडीचे वजन २८ टनांच्या घरात असते. दचकून जागा झालेला माणूस पहिल्या क्षणी स्टिअरिंग ओढतो किंवा ब्रेकवर उभा राहतो, तेही तितकेच घातक. मिटलेल्या डोळ्याचा भोंगा म्हणजे अगदी शेवटची हाक आहे, आणि यंत्राचा खरा फायदा त्याच्या आधीच्या, जांभईच्या सूचनेत आहे. दुर्दैवाने चालकांना सर्वांत जास्त चीड त्याच सूचनेची येते आणि बसवणारा कारागीर ‘ही बंद करून देऊ का’ असे स्वतःच विचारतो. ती बंद करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जांभया सुरू झाल्यानंतर तंबाखूचा बार, डोळ्यांवर पाण्याचा हबका, उघडी खिडकी आणि मोठ्याने लावलेली गाणी हे जे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यांनी मिळणारी तरतरी फार थोडा वेळ टिकते. खरा उपाय पंधरा-वीस मिनिटांची झोप हाच आहे. झोपण्याआधी कडक चहा किंवा कॉफी घेतली तर तिचा परिणाम सुरू व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागत असल्याने उठल्यावर दोन्हींचा लाभ एकदम मिळतो.

दिवसा मात्र यंत्र चुकते आणि ते कशाने चुकते हे समजून घेतले तर चालकांचा राग पुष्कळ कमी होतो. आपला महामार्ग ६५ हा साधारणपणे पूर्व-पश्चिम जातो, त्यामुळे संध्याकाळी पुण्याकडे जाताना आणि सकाळी हैदराबादकडे जाताना सूर्य समोर असतो. चालक डोळे बारीक करतो आणि यंत्राला तो पेंगत आहे असे वाटते. काही काळ्या चष्म्यांतून अवरक्त किरण पार जात नाहीत, मग यंत्र ‘चेहरा दिसत नाही’ असे सांगत राहते. दोन-तीन चष्मे दुकानातच यंत्रासमोर लावून पाहिले तेव्हा एक साधा चष्मा चालला आणि तोच आम्ही तिन्ही चालकांसाठी घेतला. डिसेंबर-जानेवारीत माकडटोपी आणि मफलर यांचीही हीच अडचण झाली. तुळजापूरच्या घाटात हात जोडून क्षणभर डोळे मिटणाऱ्या चालकाची चित्रफीतही मला आली. त्यात यंत्राची चूक नाही आणि चालकाच्या श्रद्धेला मी नावे ठेवणार नाही, पण चालत्या गाडीत डोळे मिटून नमस्कार नको, गाडी बाजूला घेऊन करा, एवढे मी सांगितले आणि त्याने ते मान्य केले.

उन्हाळ्यातील दोष जास्त गंभीर आहे. मे महिन्यात दुपारी, केबिन भट्टीसारखी तापलेली असताना, एका गाडीतील संच दोनदा आपोआप बंद पडला आणि थंड झाल्यावरच सुरू झाला. दुपारी दोन ते चार ही वेळ माणसाच्या शरीराला पहाटेखालोखाल सुस्ती येण्याची असते, त्यात सोलापूरचे ऊन आणि जेवण झालेले. नेमक्या त्या वेळी यंत्र झोपणे परवडणारे नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. माझ्या तिन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत. दुकानदाराने त्या संचाच्या बदल्यात दुसरा देण्याचे कबूल केले आहे, अजून दिलेला नाही. सूचना हिंदीत आणि इंग्रजीत बोलली जाते, मराठीत किंवा कन्नडमध्ये नाही. आमच्याकडचा एक चालक अक्कलकोट भागातला कन्नडभाषक आहे. झोपेच्या अंमलात असलेल्या माणसाला त्याच्या घरच्या भाषेत हाक मारली तर ती लवकर पोहोचेल, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या हातून झालेली चूक. पहिल्या महिन्यात मी नियम केला की मिटलेल्या डोळ्याच्या प्रत्येक सूचनेमागे भत्त्यातून दोनशे रुपये कापले जातील. दोन आठवड्यांत सूचना जवळजवळ थांबल्या आणि मला वाटले की सुधारणा झाली. प्रत्यक्षात एका गाडीत कॅमेरा दरवाजाकडे वळवला होता आणि दुसरीत भिंगावर चिकटपट्टी लावलेली होती. त्यावरून मी मामांना बोललो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मालक, डोळं मिटलं की हे वरडतंय खरं, पण निजायचं कुठं आन्‌ कवा, ते काय सांगत न्हाई. त्ये तुम्ही सांगायचं.” त्या दिवशी कापलेले पैसे मी परत केले आणि नवा नियम केला : सूचना आली की चालकाने पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबवायची, मला फोन करण्याचीही गरज नाही, आणि त्यामुळे झालेल्या उशिराबद्दल गिऱ्हाइकाशी मी बोलायचे. केबिन हे चालकाचे घरही असते, तिथेच तो कपडे बदलतो आणि झोपतो; म्हणून इंजिन बंद झाले की कॅमेरा बंद, आवाजाची नोंद कायमची बंद, आणि कोणाचीही चित्रफीत माझ्या फोनबाहेर जाणार नाही, हेही ठरवले. त्यानंतर कोणी भिंग झाकले नाही.

भीती गेल्यावर नोंदी खऱ्या येऊ लागल्या आणि तेव्हा त्या वाचण्यासारख्या झाल्या. पहाटे तीन ते पाच या वेळेत सूचनांची गर्दी होती, हे अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते हे, की गर्दी सगळ्या रात्री सारखी नव्हती. सोलापुरातून माल भरून निघालेल्या पहिल्या रात्री कमी सूचना होत्या आणि भिवंडीहून परतीच्या रात्री भरपूर. मी बिल्टी (माल पाठवल्याची पावती) आणि गाडी खाली झाल्याच्या वेळा नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या. गाडी सकाळी सहाला गोदामाच्या फाटकावर पोहोचते, नंबर लागतो दुपारी, वाराई (माल उतरवण्याची मजुरी) ठरते, हमाल येतात, गाडी खाली होते संध्याकाळी सातला. दिवसभर रांग पुढे सरकत असल्याने चालकाला स्टिअरिंग सोडता येत नाही, आणि सोडले तरी मागच्या गाड्यांचे हॉर्न आणि केबिनमधील उकाडा यांत झोप लागत नाही. मग रात्री नऊला परतीचा माल भरून तोच माणूस निघतो, कारण गिऱ्हाइकाला सकाळी माल हवा असतो आणि ती वेळ मीच कबूल केलेली असते. मामा दुभाजकावर गेले त्या रात्री ते किती तास जागे होते, याचा हिशेब मी केला : बावीस. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले होते की सलग १७ तास जागा असलेला माणूस हातांच्या आणि डोळ्यांच्या कामात रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, आणि आपल्या कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्के आहे. दारू पिऊन गाडीवर बसणाऱ्याला मी त्याच दिवशी कामावरून काढले असते; बावीस तास जागलेल्याला मात्र मीच डिझेलचे पैसे देऊन रवाना केले होते. या यंत्राने चालकापेक्षा मालकाचे मोजमाप अधिक अचूक केले, असे मी म्हणतो ते यामुळे.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्यासाठी फार तर दहा, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची उसंत, असे स्पष्ट लिहिलेले होते. इतकी वर्षे या धंद्यात असूनही मी ते पहिल्यांदा गेल्या डिसेंबरात वाचले. आता भिवंडीची गाडी रात्री नऊऐवजी दुपारी तीनला सोलापुरातून निघते, नऊच्या सुमारास यवतच्या आसपास थांबते, चालक पहाटे चारपर्यंत झोपतो आणि दहापर्यंत भिवंडीत पोहोचतो. गाडी खाली झाल्यावर तो तिथेच रात्र काढतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघतो. हैदराबादची गाडी पहाटे पाचला निघते, म्हणजे चालक घरी झोपून, घरची भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून निघतो आणि अकरापर्यंत झहीराबादच्या पुढे असतो. चेन्नईच्या गाडीवर आता दोन चालक आहेत, तरीही चालत्या गाडीत मागच्या फळीवरची झोप खरी झोप नसते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर चार तास गाडी उभी ठेवायचीच, असे ठरले आहे. या सगळ्यामुळे भिवंडीच्या फेऱ्या महिन्याला नवावरून सातावर आल्या. दोन गिऱ्हाइकांनी उभ्या गाडीचे हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, द्यायचे मान्य केले, एकाने काम काढून घेतले. हा तोटा खरा आहे आणि यंत्र विकताना कोणी तो सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

थांबायचे कुठे, हा प्रश्न अर्धाच सुटला आहे. मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण, यवत या पट्ट्यात ढाबे पुष्कळ आहेत, पण गाडी रस्त्यापासून पूर्ण आत घेता येईल, उजेड असेल आणि स्नानगृह स्वच्छ असेल, असे मोजकेच. डिझेल काढून नेण्याची आणि ताडपत्री फाडून माल पळवण्याची भीती चालकाला गाढ झोपू देत नाही. महामार्गाच्या कडेला उभी असलेली गाडी तर मागून येणाऱ्या पेंगुळलेल्या चालकासाठी सापळाच असते. सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने चालकांसाठी मुक्कामाच्या खोल्या सुरू केल्या आहेत. अशी सोय आपल्या मार्गावर जिथे असेल, तिथेच डिझेल भरायचे, असा माझा आग्रह असतो.

एका गोष्टीसाठी मी या यंत्राचा कायमचा ऋणी आहे. हैदराबादच्या गाडीवरील चालकाला घरी आठ तास झोपूनही सकाळी नऊ-दहाला डुलक्या येत होत्या. आधी मला वाटले यंत्रच बिघडले आहे, पण चित्रफितींत डोळे खरोखर मिटत होते. त्याच्या पत्नीला विचारले तेव्हा कळले की तो मोठ्याने घोरतो आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकतो. छातीविकाराच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली आणि झोपेत श्वासमार्ग बंद होण्याचा आजार निघाला. अशा माणसाची झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांनी मोडते आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. आता तो हवेच्या दाबाचे यंत्र लावून झोपतो, गाडीत मुक्काम असेल तर ते चालवण्यासाठी आम्ही वेगळा इन्व्हर्टर बसवला आहे, आणि सकाळच्या सूचना जवळजवळ बंद झाल्या आहेत. जाड मान, घोरणे आणि दिवसा पेंग, ही तीन लक्षणे ज्याच्यात दिसतील त्या चालकाला मालकाने स्वखर्चाने तपासून आणावे.

गुण द्यायचे तर रात्रीच्या कामासाठी पाचपैकी साडेचार, दिवसाच्या कामासाठी तीन आणि उन्हाळ्यातील टिकाऊपणासाठी दोन. घेणाऱ्याने नोंद ठेवणाराच संच घ्यावा, प्रत्येक चालकाला सीटवर बसवून त्याच्या उंचीप्रमाणे कॅमेऱ्याचा कोन जुळवून घ्यावा आणि सूचनांची माहिती कोणाला दिसणार, हे आधी चालकांसमोर ठरवावे. गाडी निघण्याच्या वेळा बदलायच्या नसतील तर साडेसोळा हजार रुपये खर्च करू नयेत. नोव्हेंबरात तिन्ही गाड्यांची सेवा मी पुढे चालू ठेवणार आहे. मामा पुन्हा भिवंडीच्या रस्त्यावर आहेत आणि गेल्या मंगळवारी त्यांना जांभईची सूचना आली तेव्हा ते भिगवणजवळ पंपाच्या आत गाडी घेऊन पन्नास मिनिटे झोपले. मला ते सकाळी नोंदी पाहतानाच कळले.